सपाट हातांची वाडी

पुण्याच्या दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण संपवून मी क्षयाच्या लसीच्या पथकात लागले, तेव्हा आईला वाटायचं मी लस टोचते. टोचायचं काम दुसऱ्यांचं होतं. मी हात मोजायची.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. लस देण्याआधी माणसाच्या कोपराखालच्या कातडीत क्षयाच्या जंतूंच्या अर्काचा एक थेंब टोचायचा. त्यात जिवंत काही नसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाऊन बघायचं. ज्याच्या शरीराने ते जंतू पूर्वी कधी पाहिलेले असतात त्याच्या हातावर त्या जागी एक घट्ट फुगवटा येतो. ज्याने पाहिलेले नसतात त्याचा हात सपाट राहतो. सपाट हातवाल्यांना दंडावर लस द्यायची. मग दोन-तीन महिने थांबून पुन्हा कोपराखाली तीच टोचणी. लस लागू पडली असेल तर आता तो हात फुगायला हवा. आमचं पथक गावोगाव जाऊन हेच तपासत असे.

शिकाऊ असताना पहिली टोचणी आम्हाला स्वतःच्याच हातावर करून घ्यावी लागली. माझा हात असा फुगला की बांगडी वर सरकेना. माझे वडील मी लहान असताना क्षयाने गेले होते. ती गाठ बघून मला वाटलं, आता आपली पाळी. मी कुणाला काही न सांगता पदर ओढून बसले. आमच्या पथकाचे डॉक्टर धारवाडकडचे, पन्नाशीला आलेले. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्या छातीचा एक्स-रे फोटो काढवून घेतला, छाती स्वच्छ निघाली, तेव्हा मला समोर बसवून म्हणाले, "ही गाठ म्हणजे रोग नव्हे, बाई. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं जमल्यात. वडिलांच्या सहवासात जंतू कधीतरी तुमच्या अंगात शिरले, ह्या पेशींनी त्यांना कोंडून घातलं आणि ओळख लक्षात ठेवली. आता नुसता अर्क दिसला तरी धावून येतात."

"म्हणजे हे रक्तात असतं?"

"रक्ताच्या पाण्यात नाही. पेशींत. गिनीपिगवर करून पाहिलंय लोकांनी. एकाच्या रक्ताचं पाणी दुसऱ्याला दिलं तर काही होत नाही. पेशी दिल्या, तर दुसऱ्यालाही ओळख पटते."

मी घरी जाऊन कितीतरी वेळ हाताकडे बघत बसले. माझे वडील मला नीट आठवतही नव्हते. चेहरा पुसट झाला होता, आवाज तर गेलाच होता. आणि माझ्याच अंगातल्या कुणाला तरी त्या घरातली हवा इतकी पक्की आठवत होती. तेव्हापासून मला त्या पेशींविषयी कमालीचं कुतूहल वाटायला लागलं.

मोजायची रीत अशी. लाली मोजायची नाही, ती फसवते. मोजायचा तो घट्टपणा. डोळे मिटायचे, तर्जनी चांगल्या कातडीवर ठेवायची आणि हळूहळू आत सरकवत आणायची. एका जागी कातडी जाड लागते. तिथं पेनाची खूण. मग पलीकडच्या बाजूने तसंच. मधलं अंतर पारदर्शक पट्टीने मिलिमीटरात मोजायचं. माणसाचा आधीचा आकडा मला सांगायचा नाही, कारण आकडा कळला की बोट तिकडेच थांबतं. सुरुवातीला माझे आकडे फार करून पाच, दहा, पंधरा असे यायचे. डॉक्टर हसायचे, "तुमच्या बोटाला दहा आवडतो. माणसाच्या अंगाला आवडत नाही."

चिंचवड स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन आमचा मुक्काम होता. तिकडे पिंपरीला निर्वासितांच्या बराकी, आणि पेनिसिलिनच्या कारखान्याचं बांधकाम जोरात. लस मद्रासहून यायची, तिला पुण्याहून आणलेल्या बर्फात ठेवायची. सकाळी जीप निघाली की भोसरी ओलांडून दिघीच्या अंगाला लष्कराच्या हद्दीतून चांदमारीच्या गोळ्यांचे आवाज ऐकू यायचे, आणि पुढे इंद्रायणीकडची हवा लागायची. जीपमध्ये मी, डॉक्टर, चालक, आणि लस टोचणारे एक रत्नागिरीकडचे गृहस्थ. तिशीतले, हडकुळे, खाकी पँट आणि पांढरी टोपी. मी त्यांना भाऊ म्हणायची. पोरांना टोचताना ते हमखास विचारायचे, "तुझ्या आळीत कुत्री किती रे?" पोरगं मोजायला लागायचं, तोवर सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची.

लसीला ऊन चालत नाही. थोडा वेळ जरी उन्हात राहिली तरी तिच्यातले कमजोर केलेले जिवंत जंतू मरतात आणि मग टोचून काही उपयोग नसतो. म्हणून डॉक्टर आतून हिरवं कापड लावलेली एक छत्री बाळगायचे आणि ती स्वतःच्या डोक्यावर न धरता लसीच्या पेटीवर धरायचे. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

चऱ्होलीच्या अलीकडे नदीकाठी एक वाडी आहे. मार्गशीर्षात तिथल्या मुलांना लस दिली होती. त्या दिवशी डॉक्टर कामासाठी पुण्याला गेले होते, त्यांची छत्रीही त्यांच्याबरोबरच, आणि टोचण्याचं काम भाऊंनी एकट्याने उरकलं होतं. फाल्गुनात आम्ही लागू पडली की नाही ते बघायला गेलो. टोचणी केली. चौथ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढच्या पारावर मी हात मोजायला बसले.

पहिलं पोर आलं. डोळे मिटले, बोट सरकवलं. काही लागेना. पुन्हा सरकवलं. कातडी सगळीकडे सारखीच, मऊ. "शून्य," मी म्हटलं. दुसरंही शून्य. तिसऱ्याला कसंबसं काहीतरी लागलं असं वाटलं आणि मग वाटलं की नाही. ओळीने पोरं येत राहिली आणि मी शून्य, शून्य म्हणत राहिले. मोठ्या माणसांचे हात मात्र पूर्वीसारखेच फुगलेले होते. भाऊ माझ्या शेजारी बसून आकडे उतरवून घेत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. पोरांना कुत्र्यांविषयी विचारायचंही त्यांनी सोडून दिलं.

चिंचवडला परतल्यावर भाऊंनी आकड्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवली. ती चाळून डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी लस उन्हात राहिली होती का?"

"नाही, साहेब," भाऊ म्हणाले. "देवळाच्या आत बसलो होतो. वरून ओलं फडकं होतं."

"मी तुमच्यावर आरोप करत नाही. विचारतोय."

"मीही उत्तर देतोय, साहेब."

डॉक्टर आत गेले. भाऊ पायरीवर बसून राहिले. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "ताई, नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण ती माणसं म्हणतील, ह्याने आमच्या पोरांना पाणी टोचलं. ते कसं सोसायचं?"

मला त्यांची बाजू खरी वाटत होती, पण वाटण्याने काय होतं? मोजलेलं शून्य माझ्याच बोटाने मोजलं होतं. आणि मग मला माझ्या बोटाचीच शंका यायला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः वाडीवर आले. आधी त्यांनी माझं मोजणं तपासलं. मी कुठला हात किती मोजला ते न बघता त्यांनी तेच हात पुन्हा मोजले. तीच शून्यं. मग त्यांनी पोरांना सदऱ्याच्या बाह्या वर करायला सांगितलं. लस लागू पडली की दंडावर काही आठवड्यांनी एक बारीक फोड येतो, तो फुटतो, वाळतो, आणि वाटाण्याएवढा व्रण राहतो. लस मेलेली असेल तर व्रणही धड उमटत नाही. इथे एकेका दंडावर असा स्वच्छ गोल व्रण होता की दाखवायला न्यावा.

डॉक्टर बराच वेळ एका पोराचा दंड हातात धरून उभे राहिले. ते पोर कंटाळून पाय बदलायला लागलं.

"लस चांगली होती," ते शेवटी भाऊंना म्हणाले. "मी विचारलं ते विसरून जा."

भाऊंनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मग टोचणीचं औषध खराब असेल," मी म्हटलं.

"त्याच बाटलीतलं औषध आपण त्याच दिवशी दिघीत वापरलं. तिथले हात कसे होते?"

दिघीतले हात मीच मोजले होते. चांगले फुगले होते. आणि इथल्याही मोठ्या माणसांचे फुगलेच होते की.

तेवढ्यात भाऊ म्हणाले, "साहेब, ती भांडकुदळ पोरगी आठवते का?"

मला आठवत होती. आठ-नऊ वर्षांची, दोन्ही कानांत निंबाच्या काड्या घातलेली. पहिल्या वेळी तिचा हात इतका फुगला होता की तिला लस द्यायची गरजच नव्हती. तिच्या अंगाला क्षयाचे जंतू आधीच माहीत होते. बाकीच्यांना टोचलं आणि तिला टोचलं नाही म्हणून तिने भाऊंशी कडाक्याचं भांडण केलं होतं. "मला का न्हाई? मी काय केलंय?" असं म्हणत ती जीपपर्यंत मागे आली होती.

मोठ्यांबरोबर तिलाही ह्या वेळी टोचणी केली होती, पण मोजायला ती आली नव्हती. तिला बोलावलं. तिच्या दंडावर व्रण असायचं कारणच नव्हतं. मी डोळे मिटून तिच्या हातावर बोट फिरवलं. सपाट. आधी जिथे एवढा मोठा फुगवटा होता तिथे काही म्हणजे काही नाही.

आता हे लसीचं प्रकरण राहिलंच नाही. जिला लस दिलीच नव्हती तिच्या पेशीही ओळख विसरल्या होत्या. मोठ्यांच्या विसरल्या नव्हत्या, फक्त पोरांच्या. मला आठवतं, त्या क्षणी भाऊंची काळजी, वाडीची काळजी, सगळं मागे पडून मला नुसतं आश्चर्य वाटत होतं. असं काय झालं असेल, की एका वाडीतल्या सगळ्या पोरांची अंगं एकदम गप्प बसली?

"पोरं मध्यंतरी आजारी पडली होती का?" डॉक्टरांनी जमलेल्या बायकांना विचारलं.

"न्हाई बा," त्या एका सुरात म्हणाल्या. "समदी बरी हायेत."

डॉक्टर आणि भाऊ पलीकडच्या आळीला गेले. मला तहान लागली होती. वाडीतली सुईण, पन्नाशीची, उंच आणि दणकट बाई, पहिल्यापासून माझ्याशी गोडीने वागायची. तिला मी मावशी म्हणायची. तिने मला घरी नेलं, सून माहेरी गेलीय असं सांगून स्वतःच पाणी दिलं आणि आग्रह करून जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी आणि आमटी. पहिल्याच घासाला माझ्या लक्षात आलं की आमटीला फोडणी नाही. नुसती शिजवलेली डाळ, मीठ घातलेली. सुगरण बाई होती ती, मागे तिच्या हातचं खाल्लं होतं मी.

"मावशी, फोडणी दिली नाही आज?"

"तेल सपलंय," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पण कोनाड्यात तेलाची बाटली होती, अर्ध्याच्या वर भरलेली. मी बाटलीकडून नजर फिरवली ती दाराकडे गेली. चौकटीला वर निंबाचा डहाळा खोवलेला होता, वाळत आलेला. पाडव्याला अजून अवकाश होता. मला माझं लहानपण आठवलं. आमच्या घरी गोवर आला होता तेव्हा आईने दाराला असाच निंब लावला होता आणि घरात कढई चढू दिली नव्हती. तळण नाही, फोडणी नाही, मोठ्याने बोलणं नाही.

"घरात गोवर आलाय का?" मी हळूच विचारलं.

तिने चटकन माझ्या तोंडाकडे हात केला. "आसं नाव घेऊ न्हाई, बाई. पावनी आलीया म्हनावं."

"किती घरांत?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मी भाकरी खात राहिले. मग तीच बोलली. "समद्या वाडीत फिरून गेली. दोन पोरं ऱ्हायलीत आता, येक आमचं हाय आत. बाकीची न्हाऊनमाखून मोकळी झाली, तीच धाडली तुमच्याकडं."

"मग सांगितलं का नाही आम्हाला?"

"तुमी सुईवाली मान्सं. पावनी घरात आस्ताना सुई लावली तर ती कोपती. तुमी म्हनला आस्ता, बघू, दाखवा. मग कुनी धाडलंच नसतं." मग जरा विचार करून म्हणाली, "न्हालेल्या पोरांना तरी टोचून घेऊ, म्हनलं. म्हंजी तुमची पन खोटी व्हायला नको, न् तिचीबी."

मी हात धुतले आणि धावतच निघाले. डॉक्टर जीपजवळ होते, छत्री मिटवत होते. मी धापा टाकत सांगितलं. "गोवर, डॉक्टर. सगळ्या मुलांना. गेल्या दीड-दोन महिन्यांत."

डॉक्टर जीपच्या पायरीवर खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता, एखाद्याला वर्षानुवर्षं ऐकलेला पक्षी पहिल्यांदा दिसावा तसा. "मी शिकत असताना वाचलं होतं हे," ते म्हणाले. "गोवर होऊन गेला की काही आठवडे ही गाठ उठत नाही. वाचलं होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. पण कधी पाहिलं नव्हतं. आणि एवढी अख्खी वाडी! मोठ्यांना लहानपणीच गोवर होऊन गेलेला, म्हणून त्यांचे हात जसेच्या तसे."

"पण का होतं असं?" मी विचारलं. "पेशी मरतात का? की विसरतात?"

"मला माहीत नाही."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तक लिहिणाऱ्यालाही माहीत नाही." हे त्यांनी इतक्या खुशीत सांगितलं की मला हसू आलं. भाऊही हसले, त्या वाडीवर पाय ठेवल्यापासून पहिल्यांदा.

मग डॉक्टरांचं हसू मावळलं. ते उठून उभे राहिले. "पेशी गप्प असतील, तर त्यांनी कोंडून ठेवलेले जंतूही मोकळे सुटू शकतात. आणि नवे आले तर अडवणार कोण? ह्या दिवसांत ह्या पोरांच्या जवळपास खोकणारं माणूस असता कामा नये. बाई, वाडीत कुणी खोकतं का?"

आम्ही तपासलेल्या मोठ्यांत तसं कुणी नव्हतं. पण ती भांडकुदळ पोरगी माझ्या डोक्यातून जाईना. लहान वयात तिच्या अंगात जंतू शिरले होते ते कुठून तरी शिरले असणार. ती सुईणीची नात होती.

आम्ही परत सुईणीच्या घरी गेलो. डॉक्टर बाहेर थांबले, मी आत. मी सरळच विचारलं, "मावशी, घरात खोकतं कोण?"

"कुनी न्हाई."

तेवढ्यात परसातून खोकला आला. कोरडा, दाबलेला, तोंडात पदर कोंबून खोकावं तसा. मला तो ओळखू आला. वडिलांचा आवाज गेला असं मी म्हणायची, पण हा त्यांचाच आवाज होता. ते असंच, आम्हाला कळू नये म्हणून, उशीत तोंड घालून खोकायचे.

"सून माहेरी गेलीय म्हणाला होतात तुम्ही," मी म्हटलं.

सुईण उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तिला न्यायची न्हाई," ती म्हणाली. "माजी बहीन नेली व्हती अशीच. परत आली न्हाई."

"माझ्या वडिलांना कुणी नेलंच नाही, मावशी," मी म्हटलं. "तेव्हा न्यावं असं औषधच कुठं नव्हतं. घरातच राहिले. तेही परत आले नाहीत."

तिने चौकटीवरचा हात काढला नाही. आता औषधं होती, पण औषधांची नावं तिला काय सांगणार? तेवढ्यात तिच्या मागून सून आली. पंचविशीची असेल. गालांची हाडं वर आलेली आणि डोळे भलतेच चमकदार. गेले दोन दिवस ती परसातल्या कुडाच्या फटीतून आमचं सगळं काम बघत होती.

"आत्याबाई, सरा वाईच," ती सासूला म्हणाली, आणि मग मला, "समद्यांचा हात बघितला. माजा का बघत न्हाई?"

अगदी मुलीसारखंच बोलली. मला तशाही परिस्थितीत गंमत वाटली.

"तुमचा हात नंतर," मी म्हटलं. "आधी छातीचा फोटो काढायला हवा. याल?"

"परत आनून सोडनार?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते दारातून म्हणाले, "आता इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत. पूर्वी नव्हतं. पुष्कळ माणसं बरी होऊन घरी जातात. सगळीच जातात असं मी सांगणार नाही. इथं राहिलात तर मात्र पोरांना धोका आहे, आत्ता तर फारच."

ती क्षणभर आतल्या खोलीकडे बघत राहिली. तिथे गोवर आलेला तिचा धाकटा मुलगा अंधारात निजलेला होता. "पावनी गेल्याशिवाय आईनं उंबरा वलांडू न्हाई म्हन्त्यात," ती म्हणाली. मग सासूकडे वळून, "त्याला तुमीच न्हाऊ घाला. मी जाते."

सुईण उंबऱ्यातून सरली. आत जाऊन तिने सुनेचं लुगडं, वाटी, तांब्या एका फडक्यात बांधून आणलं आणि गाठोडं स्वतः जीपमध्ये नेऊन ठेवलं. औंधच्या बाजूच्या छातीच्या दवाखान्यात जाईपर्यंत ती सून खिडकीशी बसून सगळं निरखत होती. दिघीला चांदमारी ऐकून विचारलं, पिंपरीच्या बराकी बघून विचारलं, कारखान्याचं बांधकाम दिसल्यावर तर "हितं काय करनार?" म्हणून भाऊंना भंडावून सोडलं. "औषध करणार," भाऊ म्हणाले. "कशापासनं?" "बुरशीपासून." तिने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस आजारी बाईची थट्टा करतोय.

वैशाखात, ऊन अगदी कडक झाल्यावर, आम्ही वाडीवर पुन्हा टोचणी केली. मोजायच्या दिवशी पहिलं पोर पारावर बसलं. मी डोळे मिटले, बोट ठेवलं, सरकवलं. आणि कातडी जाड लागली. इतकी स्पष्ट काठाची गाठ, की मी डोळे उघडून बघितलं; एरवी मी तसं करत नसे. पुढचा हातही तसाच. एकामागून एक हात फुगलेले. दोन-तीन पोरांचे मात्र सपाटच राहिले, ते का ते आम्हाला कळलं नाही. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा लस द्यायला सांगितलं. ती भांडकुदळ पोरगी शेवटी आली. तिचा फुगवटा तर पहिल्यापेक्षाही मोठा. डॉक्टरांनी तिचाही फोटो काढवून घेतला. फोटो स्वच्छ निघाला, तरी वर्षभर ते तिला दर खेपेला तपासत राहिले. तिला काही झालं नाही. त्या वाडीतल्या कुठल्याच पोराला त्या वर्षी काही झालं नाही. ते सुनेला वेळेवर हलवल्यामुळे, लसीमुळे, की नुसत्या नशिबाने, हे सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणायचे, आणि मला त्यांचं ते म्हणणं आवडायचं.

सून पुढच्या थंडीत घरी आली. गाल भरले होते. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून ती थोडंफार वाचायला शिकली होती, आणि आल्या आल्या तिने मला विचारलं ते हेच, की पेशी विसरल्या होत्या तर त्यांना परत आठवलं कसं. मी म्हटलं, डॉक्टरांनाही माहीत नाही. तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, माहीत आहे पण बायकांना सांगत नाहीत.

डॉक्टरांनी त्यानंतर नियमच केला. कुठल्याही गावात गेलं की टोचणीआधी गोवराची चौकशी करायची, आणि तीही बायकांकडे, आणि तीही मी. पाहुणी आली होती का, असं मी विचारायची. मग उत्तर मिळायचं. देहूच्या वाटेवरच्या एका गावात एक म्हातारी माझ्या ह्या प्रश्नावर चिडली. "पावनी आमच्या घरात आली, तुमाला काय करायचंय?"

मी पेशी वगैरे सांगायला लागले. तिला ते काही पटेना. तेव्हा शेजारी सुया उकळत बसलेले भाऊ म्हणाले, "आजी, तुमच्या गावाला रात्री पहारा करणारा जागल्या आहे ना?"

"हाय की."

"चोर ओळखतो?"

"चांगला वळखतो."

"त्याला ताप भरला, झोपून राहिला, तर आम्ही येऊन विचारलं, तुमचा जागल्या कसा आहे, तर काय सांगाल? जागल्याच नाही म्हणाल?"

म्हातारीने जरा विचार केला. "न्हाई कशाला म्हनीन? आजारी हाय म्हनीन."

"तेच आम्ही विचारतोय, पोरांच्या अंगातला जागल्या आजारी आहे का."

ती उठली, आत गेली, आणि दोन नातवंडांना दंडाला धरून बाहेर घेऊन आली. "संक्रातीच्या अगुदर आली व्हती पावनी," ती मला म्हणाली. "आता न्हाई. बगा मोजून."

भाऊंनी त्यातल्या थोरल्याला समोर बसवलं आणि विचारलं, तुझ्या आळीत कुत्री किती. तो म्हणाला, "येकच हाय. पन चावतंय."